एक्केचाळीस

लिलाँग्वेत मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावर
माझं टेबल पंख्याखाली नाही, थोडं बाजूला.
साडेसहाला जिल्ह्यांचे आकडे येतात,
साडेसातला मी ते निळ्या चौकोनात बसवते:
नवे रुग्ण. मृत्यू. उपचार सुरू असलेले.
खालची ओळ ठरलेली,
पाणी उकळून प्या, हात साबणाने धुवा.
वर सरकारची मुद्रा. ती सगळ्यात आधी.
साहेब म्हणतात, लोक आकडा मागाहून बघतात,
बोलतंय कोण ते आधी.

मग फेसबुकवर सोडते,
आणि चहा गार व्हायच्या आत उत्तरं:

पाणी उकळतो, कोळसा तुम्ही पाठवा.
क्लोरीनमध्ये काय मिसळलंय तेही लिहा.
एवढेच मेले? कुठेतरी पाणी मुरतंय.
मंत्रीणबाई कुठलं पाणी पितात?
माझी बहीण सालिमाच्या तंबूत आहे, नाव एनेलेस,
पिवळा चितेंजे नेसलेली,
कुणी सांगेल का, आहे का?

उत्तराचा मजकूर तयार असतो.
आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभार.
अधिक माहितीसाठी जवळच्या आरोग्य केंद्राशी संपर्क साधा.
कोळशाखाली चिकटवला, क्लोरीनखाली चिकटवला,
बोट चालतच होतं,
एनेलेसखालीही चिकटवला.

त्या रात्री मी जेवले.
लिहून ठेवते, कारण जेवले.

मार्चअखेर आकडे उतरले.
साहेबांना हसरे चेहरे हवे होते, स्वच्छ बादल्या,
म्हणून मला कॅमेरा देऊन सरोवराकडे पाठवलं.
डांबर संपलं, मग खडी संपली,
मग एका मासे वाळवणाऱ्या माणसाच्या सायकलवर मागे बसून
मी त्या वस्तीत पोचले.
वाळूत उलट्या घातलेल्या होड्या,
एकच न्हावी, बाम्बो काचिंग्वे,
त्याच्या छपरावर एकच सौर पाटी.
केस कापून घ्या किंवा फोन चार्ज करा,
दर सारखाच.

त्याच्या आरशाशेजारी वहीचं पान चिकटवलेलं होतं.
माझा निळा चौकोन.
कुण्या पोरीने फोनवर बघून बॉलपेनने उतरवलेला,
मुद्रेसकट.
गरुडाची कोंबडी झाली होती,
सिंहाला मिशा होत्या.
नवे रुग्ण: ४१.
तारीख उतरवायची राहिली होती.

जानेवारीतला होता तो. मला आठवत होता.
त्यानंतर इथे कुणी डेटाचे पैसे भरले नव्हते,
म्हणून इथे रोज
एक्केचाळीसच.

मालिता नावाची बाई पातेल्यावरचं झाकण उचलून बघत होती.
बुडबुडे आले तरी उतरवेना.
"एक्केचाळीस आहेत ना अजून," ती म्हणाली,
जसं कुणी म्हणावं, वारा आहे ना अजून.
सरपण तीन कोस लांबून येतं.
या वस्तीत कुणी दगावलं नव्हतं.

माझ्या फोनमध्ये आजचा आकडा होता.
अख्ख्या देशात तीन.
खरं सांगणं हे माझं काम,
पगार त्याचाच मिळतो,
आणि मी आरशासमोर उभी,
न्हाव्याच्या गिऱ्हाइकासारखी, मान न हलवता.

पान उतरवणारी पोर शाळेतून आली. तियामिके.
माझ्या गळ्यातलं ओळखपत्र तिने दोनदा वाचलं.
"तिकडे किती?"
"तीन."
पेनचं टोपण दातात धरून तिने एक्केचाळीस खोडलं,
तीन लिहिलं,
मग टोपण काढून विचारलं,
"नावं काय त्यांची?"

मला माहीत नव्हती.
आमच्याकडे नावं येत नाहीत, मी म्हणाले,
आणि ते वाक्य साडेसातचं वाटलं.

मालिताने चुलीतलं एक लाकूड ओढून काढलं,
वाळूत खुपसून विझवलं.
एकच. बाकीची राहू दिली.

रात्री निवासात फोन लागला तेव्हा
मी दोन महिने खाली खाली सरकत गेले,
आभार, आभार, आभार,
आणि पिवळ्या चितेंजेखाली लिहिलं,
यावेळी मुद्रेशिवाय, माझ्या नावाने:
तुमच्या बहिणीचं काय झालं?

उत्तर आलेलं नाही.
आकडे आता शून्याजवळ असतात,
साहेब पंख्याखालचं टेबल देणार आहेत म्हणे.
साडेसातला मी आधी ती ओळ उघडते, बघते,
मग मुद्रा.